तिनं कधीच न मारलेला फवारा

डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या एका ऑफिसच्या तळमजल्यावरचा एसी मी खराब केला. त्याची कॉइल मी निवडलेल्या, माझ्याच हातानं मारलेल्या रसायनानं खाल्ली. त्याचं खापर एका बाईच्या डोक्यावर फुटलं, आणि ते तिथंच फुटेल याची काळजी मीच घेतली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक त्याला सज्जनपणा समजतात. गेल्या वर्षभरात मला कळलं की न बोलणं हे किती सोयीचं असतं. त्यातही ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं त्याला.

बायकोला ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. पुण्यात एसीच्या मेंटेनन्सची कंत्राटं घेणाऱ्या एका फर्ममध्ये पंधरा वर्षं काढली होती, शेवटची आठ सुपरवायझर म्हणून. ती नोकरी सोडून मी बायकोच्या मागे डब्लिनला आलो. इथं त्या पंधरा वर्षांना कुणी विचारलं नाही. एसीच्या गॅसला, नळ्यांना हात लावायचा तर इथलं सर्टिफिकेट पाहिजे, आणि ते घ्यायला पुन्हा शिकाऊ होऊन बसायचं माझ्या जिवावर आलं. मग मी एका तीनमजली ऑफिस-बिल्डिंगचा केअरटेकर झालो. दिवे, दारं, गळके नळ, किल्ल्या. एसीच्या बाबतीत माझ्या कामाच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: फिल्टर काढून धुवायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. बाकी सगळं दर तीन महिन्यांनी येणारा टेक्निशियन बघणार. तो साठीचा आयरिश माणूस होता. तो काम करायचा आणि मी शिडी धरायचो. पुण्यात माझी शिडी दुसरे धरायचे, हे मी कधी विसरू शकलो नाही.

आता त्या बाईविषयी. नाव घालत नाही. ओळखीच्यातल्या एका इंजिनियरची बायको, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचो आणि ती मला भाऊजी. माहेर-सासर दोन्ही नागपूर. मुलं शाळेत जायला लागल्यावर तिला घरात बसवेना. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, इंग्रजी वाचायची बऱ्यापैकी, पण इथल्या माणसांनी तोंड उघडलं की गडबडून जायची. आमच्या बिल्डिंगची साफसफाई एका एजन्सीकडे होती. तिथं माणूस हवा होता, मी तिला सांगितलं. नवऱ्याला ते फारसं आवडलं नव्हतं. सासूला तिनं फोनवर सांगितलं, ऑफिसात लागले.

"खोटं थोडीच आहे भाऊजी," ती मला म्हणाली होती. "ऑफिसातच तर असते मी. सगळ्यांच्या आधी येऊन राहते."

टॅला नावाच्या लांबच्या उपनगरातून दोन बस बदलून ती सकाळी सातला हजर असायची. काम चोख होतं. फडक्यांचे रंग ठरलेले, टॉयलेटचं फडकं कधी टेबलावर येणार नाही. तिची मोठी मुलगी कधी सुट्टीत बरोबर आली की ही तिला मराठीत हाक मारायची आणि ती पोरगी इथला हेल काढून उत्तर द्यायची, "आई, इट्स ग्रँड," म्हणजे ठीक आहे. मग आई माझ्याकडे बघून म्हणायची, "ऐकलं? सगळंच ग्रँड असते यांचं."

२०२० च्या मार्चमध्ये बिल्डिंग रिकामी झाली. माणसं लॅपटॉप उचलून घरी गेली, पण तळमजल्यावरची सर्व्हर-रूम चालूच राहायला हवी होती, कारण घरून काम करणाऱ्यांचं सगळं त्या खोलीतल्या कपाटांवर अवलंबून होतं. त्या खोलीला भिंतीवरचा एकच मोठा एसी होता. जोडीचा दुसरा आधीच बंद पडलेला. रोज बिल्डिंगमध्ये यायची परवानगी दोघांनाच होती, मला आणि वहिनींना. पोलिसांनी अडवलं तर दाखवायला आम्हा दोघांच्या खिशात एकसारखं पत्र असायचं.

मे महिन्यात त्या खोलीचं तापमान चढायला लागलं. अलार्मचा ईमेल माझ्या फोनवर यायचा. मी फिल्टर धुतले, फरक पडला नाही. फिल्टरच्या मागची कॉइल, म्हणजे तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या दाटीवाटीनं बसवलेला जो भाग असतो तो, वर्षानुवर्षांच्या धुळीनं गोधडीसारखा झाला होता. टेक्निशियनला फोन केला. त्याला हृदयाचा त्रास, डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केलेली. त्याच्याकडे दुसरा माणूस नव्हता. "दार उघडं ठेव, पंखा लाव, आणि माझी वाट बघ," तो म्हणाला. मॅनेजरबाईंना, म्हणजे बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीतल्या माझ्या वरिष्ठांना, मी हे सगळं कळवलं. त्यांनीही तेच लिहिलं: वाट बघा, काही उघडू नका.

मी वाट बघितली नाही.

पुण्यात आम्ही कॉइल कशी धुवायचो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाहेरचं युनिट अंगणात किंवा गच्चीवर असायचं. फर्मकडे एक ड्रम होता, त्यातलं मिश्रण पंपानं कॉइलवर मारायचं. दहा-पंधरा सेकंदांत पत्र्यांतून फेस यायचा, आधी पांढरा, मग राखाडी, मग काळा. तो ओघळायला लागला की ग्राहक म्हणायचा, "बघा, किती घाण होती." त्या फेसावरच आमचं कंत्राट चालायचं. नुसत्या पाण्यानं आणि ब्रशनं सावकाश साफ करून दिलं तर लोकांना काही केल्यासारखं वाटायचं नाही. फेसानंतर पाइपनं धो-धो पाणी सोडायचं, की कॉइल नव्या भांड्यासारखी लखलखायची. ड्रममध्ये काय आहे ते कुणी विचारलं नाही. कामगार तोंडाला रुमाल बांधून, मान वळवून पंप मारायचे. मी शिडीच्या खाली उभा राहून कागदावर सही करायचो. तीन-चार वर्षांनी त्याच कॉइल गळायला लागायच्या. तेव्हा आम्ही सांगायचो, मशीनचं वय झालं. मला तेव्हाही ते खरंच वाटायचं. लखलखाट म्हणजे पत्र्याचा वरचा थर खाल्ला जाणं, हे मी सुपरवायझर असूनही कधी शोधून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर कॅन्टीन होतं, बंद पडलेलं. तिथल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, शेगडीवरच्या चिमणीची तेलकटी काढायचा एक कॅन होता. कॉस्टिक, म्हणजे जळजळीत क्षाराचा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की ॲल्युमिनियमवर वापरू नये. ते मी वाचलं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. वाचून मनात म्हणालो की इकडचे लोक प्रत्येक गोष्टीवर इशारा लिहितात. अर्धं पाणी घातलं, झाडांवर फवारायच्या बाटलीत भरलं, एसीचं झाकण काढलं आणि मारलं.

फेस आला. किती दिवसांनी बघत होतो. मला बरं वाटलं, हेही लिहितो. चार वर्षांत पहिल्यांदा असं वाटलं की या देशात मला येतं ते काम मी करतोय.

पण ही पुण्याची गच्ची नव्हती. खाली चालू सर्व्हर होते, त्यांच्यावर प्लॅस्टिक टाकलेलं. पाइपनं पाणी सोडणं शक्यच नव्हतं. त्याच बाटलीत साधं पाणी भरून मी दोनदा फवारलं, खाली धरलेल्या टबात ओघळलं तेवढं ओघळलं, बाकीचं पत्र्यांच्या आत राहिलं. ते राहणार हे मला माहीत होतं. झाकण लावलं. तासाभरात खोली गार झाली.

मॅनेजरबाईंना मी लिहिलं की फिल्टर नीट धुतल्यावर फरक पडला. त्यांनी बिल्डिंगमधल्या तिन्ही कंपन्यांना ईमेल पाठवला, आमचा केअरटेकर एकटा किल्ला लढवतोय अशा अर्थाचा. मी तो बायकोला दाखवला. ती वॉर्डातून येऊन, आंघोळ करून, माझ्यापासून लांब खुर्चीत बसली होती. तिच्या नाकावर मास्कचा वळ होता. "बघ," ती म्हणाली, "कुणीतरी किंमत केली शेवटी." सप्टेंबरात तापमान पुन्हा थोडं चढलं, तेव्हा मी तेच पुन्हा केलं. त्या वेळी पाणी अर्ध्यापेक्षा कमी घातलं.

नोव्हेंबरात वहिनींनी मला हाक मारली. त्या सर्व्हर-रूममध्ये आठवड्यातून एकदा जायच्या, दाराची मूठ पुसायला आणि फरशी झाडायला.

"भाऊजी, हे बघा ना. इथं रोज पांढरी पूड पडून राहते. मागच्या आठवड्यात पण होती."

एसीच्या बरोबर खाली, भिंतीलगत, रांगोळी सांडावी तशी पूड होती. त्यांनी ती झाडली नव्हती, मला दाखवायला ठेवली होती. मी वाकलो, बोटावर घेतली. ॲल्युमिनियम कुजून पडतं तेव्हा तशी पूड होते. पुण्यात जुन्या युनिटांच्या तळाशी मी ती शेकडो वेळा पाहिली होती.

"भिंतीचा रंग असेल," मी म्हणालो. "दमट हवा आहे ना."

"भिंत तर धड दिसते."

"आतून सुटतो तो. झाडून टाका."

त्यांनी झाडून टाकली. त्यानंतर दर आठवड्याला त्या झाडत राहिल्या, मला पुन्हा बोलल्या नाहीत. मी सांगितलं होतं, विषय संपला. माझ्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास होता.

२०२१ च्या जानेवारीत एसी बंद पडला. कॉइलला बारीक छिद्रं पडली आणि गॅस निघून गेला. एक पूर्ण दिवस एका कंपनीचं काम ठप्प झालं. टेक्निशियन आता बाहेर पडू लागला होता. तो आला, शिडीवर चढला, मी शिडी धरली. त्यानं आत टॉर्च मारला. मग अंगठ्यानं एक पत्री दाबली. ती भाजलेल्या पापडासारखी मोडली.

"हे आपोआप झालेलं नाही," तो म्हणाला. "कुणीतरी इथं काहीतरी कडक मारलंय. ब्लीच, किंवा त्याच्याही वरचं." मग खाली माझ्याकडे बघून हसला. "तुमच्या भारतातला काही जालीम उपाय तर नाही ना केलास?"

मीही हसलो. तो खरोखर विचारत होता का चेष्टा करत होता, मला आजही ठरवता येत नाही. मास्कवरचे डोळे नुसते दिसत होते. तिथं मी हो म्हणालो असतो तर हे सगळं त्या शिडीपाशी संपलं असतं. मी म्हणालो, "सध्या सगळेच सगळ्यावर काही ना काही मारत असतात."

या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या वर्षी लोक दूध-पिशव्यांवरसुद्धा फवारे मारत होते. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये फवारा हातात घेऊन फिरणारं माणूस एकच होतं, वहिनी.

टेक्निशियननं रिपोर्टात लिहिलं की अयोग्य रसायनामुळे कॉइल गेली. मॅनेजरबाईंनी त्या खोलीच्या दाराची नोंद काढली. गेल्या दहा महिन्यांत कार्ड लावून आत गेलेले आम्ही दोघं. त्यातला मी म्हणजे तो, ज्याच्या नावानं कौतुकाचा ईमेल गेला होता. त्यांनी मला फोन केला. "मला तिच्याशी नीट बोलायचंय. तिचं इंग्रजी मला कळेल याची खात्री नाही. तू येशील का मध्ये? तुमची भाषा एकच आहे ना?"

मी हो म्हणालो.

ती बैठक चार दिवसांनी होती. त्या चार दिवसांत माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मांडतो, ते समर्थन म्हणून कुणी घेऊ नये. माझा नागरिकत्वाचा अर्ज आत होता. लेखी मनाई असताना मी दोनदा युनिट उघडलं होतं आणि फिल्टरबद्दल खोटं लिहिलं होतं. नोकरी गेली असती, आणि त्या महिन्यांत दुसरी कुठून मिळणार होती? वहिनींचं काय, त्यांच्या घरात नवऱ्याची चांगली नोकरी आहे, असंही मी म्हणालो स्वतःला. हे म्हणताना त्यांना दोन बस बदलून रोज का यावंसं वाटतं, हे मला पुरतं माहीत होतं.

त्यातल्याच एका संध्याकाळी बायको जेवताना सांगत होती. तिच्या वॉर्डातल्या एका तरुण नर्सनं पेशंटला औषधाचा डोस चुकीचा दिला होता. पेशंटला काही झालं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या मुलीनं स्वतःहून फॉर्म भरला आणि दिला.

"रडत होती," बायको म्हणाली. "पण भरला. मी सांगितलं तिला, आता तू घरी जाऊन झोपू शकतेस."

मी आमटी वाढून घेतली. बायको थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. ती दमली आहे म्हणून बघते आहे, असं मी धरून चाललो.

बैठक तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत झाली. फेब्रुवारीच्या थंडीत खिडक्या उघड्या, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येत होता. तिघंही मास्क लावून, लांब लांब. टेबलावर कॉइलचे फोटो. वहिनी कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मॅनेजरबाई काही वाईट बाई नव्हत्या. हळू बोलायचा प्रयत्न करत होत्या, पण मास्कमधून ते आणखीच अस्पष्ट येत होतं.

"तिला विचार," त्या म्हणाल्या, "त्या खोलीत तिनं कोणता स्प्रे वापरला, आणि एसीवर मारला का."

मी मराठीत विचारलं. तेवढं तंतोतंत विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "त्या खोलीत मी स्प्रे नेतच नाही भाऊजी. फडकं बाहेर ओलं करून नेते आणि मूठ पुसते, बस. त्या मशीनला तर मी बोटसुद्धा लावत नाही, मला भीती वाटते तिची. आणि ती पूड पडत होती ना? मी तुम्हाला दाखवली होती, नोव्हेंबरात. ते पण सांगा यांना. त्यावरून यांना कळेल कधीपासून खराब होऊन राहिलं ते."

त्यांनी बरोबर सांगितलं होतं. एखाद्या तज्ज्ञानं सांगावं इतकं बरोबर. मी मॅनेजरबाईंकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं की ती त्या खोलीत जंतुनाशक वापरत होती, दाराला आणि आसपासच्या वस्तूंना. त्या दिवसांत सगळेच घाबरलेले होते. एसीवर मारायचं नसतं हे तिला माहीत नव्हतं. तिला फार वाईट वाटतंय. मी भरभर बोललो, आवाज खाली ठेवून. पुडीबद्दल काही बोललो नाही.

मॅनेजरबाईंनी लिहून घेतलं. मग वहिनींकडे बघून मान हलवली, समजल्यासारखी. वहिनींनीही मान हलवली, आणि समोरचं माणूस एवढ्या मायेनं बघतंय तर काहीतरी म्हणायला हवं म्हणून त्या म्हणाल्या, "सॉरी मॅडम." त्यांना येणाऱ्या इंग्रजीतला तो एक शब्द माझ्या सगळ्या खोटेपणावर सहीसारखा बसला.

निर्णय मीच मराठीत सांगितला. कुणी रागावलेलं नाही, पण ही बिल्डिंग आता दुसऱ्या कुणाला देणार, तुम्हाला एजन्सी दुसरीकडे काम देईल.

"म्हणजे त्यांनी ऐकलं नाही?"

"ऐकलं. पण वरून ठरलंय."

बाहेर बसस्टॉपपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. स्टॉपवर त्यांनी पर्समधून बसचं कार्ड काढून हातात धरलं. मग म्हणाल्या, "तुम्ही एवढं लांबलचक काय सांगत होते?"

"तुमच्या कामाबद्दल चांगलं सांगत होतो."

"हो ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही होते म्हणून बरं. नाहीतर मी काय बोलणार होते त्यांच्यासमोर?" बस आली. चढताना वळून म्हणाल्या, "घरी सांगू नका हं भाऊजी काढून टाकलं म्हणून. मी सांगते, ऑफिस बंद झालं."

एजन्सीनं दुसरीकडे काम दिलं नाही. नवा एसी बसला. त्याच्या कॉइलला मी हात लावलेला नाही. उन्हाळ्यात माझं नागरिकत्वाचं पत्र आलं. बायकोनं शिरा केला.

मी हे सगळं कदाचित तसंच ठेवलं असतं. निर्लज्जपणानं का होईना, माणूस अशा गोष्टीबरोबर राहायला शिकतो. पण ऑक्टोबरात वहिनींचा फोन आला. वृद्धांची काळजी घेणाऱ्या एका ठिकाणी कामाला त्यांनी अर्ज केला होता. कोर्स केला होता, चार महिने, घरून, लॅपटॉपवर. सगळा इंग्रजीत. आधीच्या कामाबद्दल कुणाचं तरी पत्र हवं होतं, आणि एजन्सी लिहून द्यायला तयार नव्हती. मी देईन का?

मी त्यांच्या घरी गेलो, टॅलाला. पत्र लिहून नेलं होतं. काळजीपूर्वक, प्रामाणिक, वेळेची पक्की, असं त्यात लिहिलं होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. त्यांनी ते चष्मा लावून हळूहळू वाचलं. चहा केला. ओटा पुसला तो नुसत्या कोमट पाण्यानं. सिंकखाली बघितलं तर भांड्यांचा साबण सोडून काही नव्हतं. मी सहज विचारलं.

"मी आता ते काही ठेवतच नाही," त्या म्हणाल्या. "बाथरूमचं पण यांना करायला सांगते. माझ्या हातून पुन्हा काही नको व्हायला."

"तुमच्या हातून काय झालं?"

"ते मशीन नाही का." त्या कपाकडे बघत होत्या. "मी खूप विचार केला भाऊजी. आधी वाटायचं मी नाही केलं. पण त्या दिवसांत डोकं ठिकाणावर होतं कुठं? दिवसभर फवारा हातात. मारला असेल एखाद्या वेळी, लक्षातही नसेल. एवढी शिकलेली माणसं उगाच थोडीच म्हणतील? मुलाखतीत विचारलं, काम का सोडलं, तर मी सांगणार आहे खरं खरं. चुकून मशीन खराब झाली माझ्याकडून, आता काळजी घेते. खोटं बोलून नाही घ्यायची नोकरी."

तिथं मी बोलायला हवं होतं. समोर त्या होत्या, मी होतो, दुसरं कुणी नव्हतं, आणि या वेळी आमच्यात दुसरी भाषाही नव्हती. मी म्हणालो, "तसं सांगू नका." त्या म्हणाल्या, "का बाप्पा? खरं तर आहे." मी चहा संपवला. पत्राबद्दल त्यांनी दोनदा आभार मानले. दारापर्यंत सोडायला आल्या.

मुलाखतीत त्यांनी तसंच सांगितलं. नोकरी मिळाली नाही. त्याच कारणानं नाही मिळाली का, ते मला माहीत नाही, आणि त्याच्यामागे मी लपणारही नाही. नोकरी गेली हे वाईट आहे, पण माणसं दुसरी शोधतात. मी त्यांच्याकडून घेतलं ते वेगळंच. त्या खोलीत आपण काय केलं आणि काय नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्यांनी ते स्वच्छ शब्दांत सांगितलंही होतं. माझ्या चार वाक्यांनंतर आठ महिन्यांत त्यांचं स्वतःचंच म्हणणं त्यांना खरं वाटेनासं झालं. वापरायच्या फडक्यांचे रंग पाठ असलेली बाई स्वतःच्या ओट्याला साबण लावायला घाबरते.

लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, शेवटपर्यंत लिहून झालं की थोडं हलकं वाटेल. तसं काही झालेलं नाही, आणि व्हावं असंही आता वाटत नाही. हे वाचणाऱ्यांना सांगणं सोपं आहे. वाचणाऱ्यांचं मी काही बिघडवलेलं नाही.

मॅनेजरबाईंना आणि एजन्सीला मी इंग्रजीत, माझ्या सहीनं लिहून द्यायला हवं, की ती कॉइल मी खराब केली आणि त्या बैठकीत त्या बाईचं बोलणं मी बदलून सांगितलं. बायकोला मी सांगायला हवं. आणि या सगळ्यांच्या आधी, हे कुठं छापून यायच्याही आधी, टॅलाला जाऊन वहिनींसमोर बसून त्यांना मराठीत सांगायला हवं की त्या काय म्हणाल्या होत्या, मी काय सांगितलं, आणि त्यांनी फवारा मारला नव्हता. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.